खिडकीशी येणारा सभासद काय विचारतो?



गळीत हंगामात आमच्या गट ऑफिसच्या खिडकीशी सकाळी आठपासून माणसे उभी असतात. कोणी डेअरीवर दूध घालून तसाच आलेला असतो, कोणी द्राक्षबागेतली फवारणी अर्धी टाकून. खिडकीशी आल्यावर प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. "माझी लागण कोणत्या तारखेची धरली?" "तोड कधी?" "माझ्या मागून लावलेल्याचा ऊस गेला, माझा का उभा?" "खेपा किती लागल्या, वजन किती पडले?" "बिलातून खताचे किती कापले?" गेल्या हंगामात आम्ही आठवडाभर हे प्रश्न एका वहीत टिपून ठेवले. कोणती जात लावू, हुमणीला काय करू, असे विचारणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. तसले प्रश्न विचारले जात नाहीत असे नाही. पण ते चहाच्या टपरीवर विचारतात, खिडकीशी नाही.

वही काढण्याचे कारण असे की आपल्या कारखान्यात सभासदांसाठी मोबाईल अ‍ॅप आणावे अशी चर्चा सध्या चालू आहे. दोन-तीन कंपन्यांची माणसे येऊन भिंतीवर चित्रे दाखवून गेली. त्यात हवामान होते, बाजारभाव होते, किडींचे फोटो होते, पीक सल्ल्याचे व्हिडिओ होते. आम्हांस त्यातले पुष्कळसे आवडलेही. परंतु आमच्या वहीतले प्रश्न त्या पडद्यावर शोधू गेलो तर ते कुठेतरी चौथ्या पानावर, 'माझे खाते' या नावाखाली दडलेले. वजन आणि बिल तेवढे दिसत होते. लागणीची तारीख कोणती धरली, तोडणीच्या पाळीत आपला नंबर कितवा आणि आपल्या पुढे कोण, यांतले काहीच नव्हते.

आम्ही पडलो कृषी पदविकेचे. बेणे, खत, पाणी यांवर चार शब्द सांगू. संगणकातले आमचे ज्ञान बेताचे. तेव्हा या विषयाचा अभ्यास केलेल्यांचे काही वाचावे असे ठरविले. माणसे संगणकाशी, फोनशी, नोंदींच्या यंत्रणेशी प्रत्यक्षात कशी वागतात, एवढ्याच गोष्टीचा अभ्यास करणारे प्राध्यापक जगात आहेत, हे आम्हांस नवीनच होते. आणि हाती लागलेला पहिलाच अभ्यास निघाला साखर कारखान्याचा, तोही आपल्या महाराष्ट्रातला!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरचे नाव सहकारात कोणाला ठाऊक नाही? तेथे १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून 'वायर्ड व्हिलेज' ही योजना सुरू केली. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची होती. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेचा. गावोगावी मिळून ५४ केंद्रे उभी राहिली. उद्देश फार मोठा होता. गावातल्या केंद्रावर शेतकऱ्याला पीक सल्ला मिळावा, बाजारभाव कळावेत, सरकारी योजना समजाव्यात, पोरांच्या शिक्षणाची आणि नोकरीची माहितीही मिळावी. त्या काळी खेड्यात संगणक म्हणजे अप्रूप. योजनेचा देशभर बोलबाला झाला.

सात-आठ वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातील राजेश वीरराघवन, नाग यशोधर आणि केंतारो तोयामा हे तिघे अभ्यासक वारणेस गेले. केंद्रांवर प्रत्यक्षात काय चालते ते त्यांनी पाहिले. दिसले असे की संगणकाचा उपयोग मुख्यतः कारखान्याच्या उसाच्या कामासाठी होतो आहे. ऊस किती गेला, खत किती उचलले, तोडणीची परवानगी कधी, पैसे किती निघाले. बाकीचा मोठा बेत जवळजवळ वापरावाचून पडून होता. म्हणजे तिकडच्या केंद्रावरचे आणि आमच्या वहीतले प्रश्न एकच! तिकडचा सभासद आणि निफाड-दिंडोरीकडचा सभासद यांनी एकमेकांना पाहिलेले नाही, पण दोघांच्या पोटातली काळजी सारखीच असावी, नाही का?

एवढ्याच कामासाठी संगणक सांभाळणे खर्चाचे होते. म्हणून या मंडळींनी ७ गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल फोन आणि एस.एम.एस. ठेवला. निरोप पाठवायचा, कारखान्याच्या नोंदीतून उत्तर यायचे. संगणकावर जी जी कामे होत होती ती सगळी या साध्या फोनवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली. २००७ साली बंगळूरच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. इंग्रजीत त्याला 'वारणा अनवायर्ड' असे नाव दिले आहे.

पुष्कळ जण यातून 'संगणक गेला, मोबाईल आला' एवढाच बोध घेतात. आम्हांस त्यातली मोलाची गोष्ट दुसरीच वाटते. या मंडळींनी नवे काही देण्याआधी, शेतकरी केंद्रावर येऊन काय विचारतो ते बसून पाहिले आणि तेवढेच नीट करून दिले. आपल्याकडे येऊन गेलेल्या कंपन्यांपैकी एकीचाही माणूस आमच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूस तासभर उभा राहिला नाही. आत चहा घेतला आणि गेले.

दुसरा अभ्यास कांद्याचा. त्यात आपला नाशिक जिल्हाही आहे. २००७ साली रॉयटर्स कंपनीने महाराष्ट्रात शेतकऱ्यांना मोबाईलवर बाजारभाव, हवामान आणि पीक सल्ला पाठविण्याची वर्गणीची सेवा सुरू केली होती. तिचा खरोखर किती फायदा होतो हे मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिन्टेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तपासले. जिल्हागणिक एक पीक धरले होते; नाशिकला कांदा. काही शेतकऱ्यांना सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांची तुलना केली. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्यांनी तिचा उपयोग केला, काहींनी दुसऱ्या बाजारात माल नेऊन पाहिला, काहींनी प्रतवारी केली. पण सरासरी पाहता हाती पडलेल्या भावात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अवकाळी पावसाने होणाऱ्या नुकसानीतही नाही.

हे वाचून आम्ही चकित झालो. कारण याच्या उलट एक प्रसिद्ध उदाहरण आहे. रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. १९९७ ते २००१ या काळात तेथे मोबाईल पोचला, तसतसे निरनिराळ्या बंदरांतले भाव एकसारखे होत गेले, मासळी फुकट जाणे थांबले, आणि मच्छीमाराला चार पैसे जास्त मिळाले. मग तोच फोन आमच्या कांदावाल्याला का नाही पावला?

आमची समजूत अशी आहे. होडी समुद्रात असतानाच भाव कळला तर नाखवा सुकाणू फिरवून दुसरे बंदर गाठतो. आमच्या माणसाची पिकअप लासलगावच्या लिलावात रांगेत उभी राहिली की पिंपळगावला शंभर रुपये जास्त निघाले हे कळून काय उपयोग? भाडे कोण देणार, आणि तिथे पोचेपर्यंत लिलाव राहील कशावरून? शिवाय आपला कांदावाला फोन करून भाव विचारतच होता. नवे असे त्याला फार कळले नसेल. तात्पर्य, ज्या माहितीवर माणसाला काही करता येते तीच त्याच्या कामाची. बारामतीला उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे प्रयोग अलीकडे चालू आहेत, उपग्रहावरून आणि जमिनीतल्या सेन्सरवरून पाहून शेतकऱ्याला फोनवर सल्ला द्यायचा, त्यांचे आम्हांस कौतुकच आहे. आम्ही ते इकडे करून पाहण्याच्या बाजूचे आहोत. पण 'आज पाणी द्या' असा निरोप आला आणि कालव्याचे आवर्तन पंधरा दिवसांनी, विहिरीवरची वीज रात्री, तर तो निरोप वाचून शेतकरी काय करील हे आपण सर्व जाणतो.

आता हीच कसोटी उसाला लावून पाहा. कांद्याला चार बाजार आहेत. ऊस एकदा आपल्या कारखान्याला नोंदला की सभासदाच्या हाती उरते काय? कोणत्या तारखेची लागण धरायची ते चिटबॉय लिहितो. तोड केव्हा ते शेतकी खाते ठरवते. वजन कारखान्याच्या काट्यावर. कपात हिशेब खात्यात. सभासदाला करता येण्याजोगी गोष्ट एकच उरते: आमची नोंद ताडून पाहणे आणि चुकली असेल तर वेळेवर भांडणे. म्हणूनच तो हातातले काम टाकून खिडकीशी येतो.

गेल्या हंगामातली एक गोष्ट सांगतो. सांगताना आम्हांस संकोच होतो, कारण चूक आमच्या खात्याची आहे. आपल्या एक सभासद भगिनी, मालक वारून तीन वर्षे झालेली, फेब्रुवारीत खिडकीशी आल्या. दोन एकर पूर्वहंगामी लागण. शेजारच्या बांधावरचा ऊस, त्यांच्या मागून लावलेला, जानेवारीतच गेला होता. त्यांचा उभा, त्याला तुरा आलेला. आमच्या माणसाने संगणकात पाहिले आणि सांगितले, "मावशी, तुमची लागण डिसेंबरची आहे. पाळी यायची आहे." त्या म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी लावला बाबा. माझ्या हातानं बेणं टाकलंय." आमचा माणूस म्हणाला, "संगणकात तसं नाही."

आम्ही मागच्या टेबलाशी बसून हे ऐकत होतो. आणि खरे सांगायचे तर आम्हीही आधी संगणकावरच विश्वास ठेवला. त्या जायला निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "ते संगणकात कोणी घातलं?" त्या प्रश्नाने आम्ही उठलो.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. चिटबॉय त्या शिवारात उशिरा गेला होता. बांधावर कोणी नव्हते. त्याने शेजाऱ्याला विचारले, अंदाजाने तारीख टाकली आणि ती तशीच संगणकात चढली. नोंदीचा निरोप मोबाईलवर गेला होता, नाही असे नाही. पण नंबर वारलेल्या मालकांचा. ते सिमकार्ड मुलाकडे, मुलगा नाशिकला अंबडच्या कंपनीत. त्याने निरोप पाहिला, तारखेचा अर्थ त्याला उमगला नाही आणि तो विसरून गेला. कागदोपत्री आमचे काम चोख: नोंद केली, सभासदाला कळविले. शेतात मात्र ऊस पोकळ पडत होता. तोड दिली तेव्हा मार्च उजाडला. वजनात जो फटका बसला तो त्या बाईंच्या पदरात. आमचा पगार आम्हांला त्या महिन्यातही वेळेवर मिळाला.

पूर्वी नोंदीची जाड वही होती. वहीत खाडाखोड दिसायची, कोणाच्या अक्षरात लिहिले ते ओळखू यायचे, "हे तुमच्या माणसाने लिहिलेय" असे बोट ठेवून भांडता यायचे. पडद्यावरच्या तारखेला अक्षर नसते. चिटबॉयचा अंदाज पडद्यावर चढला की तो 'कारखान्याचे म्हणणे' होतो, आणि खिडकीतल्या पोराला तो बदलण्याचा अधिकार नसतो. वहीचा काळ सोन्याचा होता असे आमचे म्हणणे नाही. वहीतली पाने फाटलेलीही आम्ही पाहिली आहेत. पण वर ज्यांचे नाव आले ते तोयामा पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०१५ साली त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी म्हटले आहे की यंत्र नवे काही निर्माण करीत नाही, माणसांत आणि संस्थेत जे मुळात असते ते वाढवते. कारभार नेटका असेल तर त्याचा नेटकेपणा वाढतो. ढिला असेल तर ढिलाईला वेग येतो. त्या दोन एकरांपुरते आम्हांस ते शब्दशः पटले.

बंगळूरच्याच गरीब वस्त्यांत नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी केलेला आणखी एक अभ्यास २०१० सालचा आहे. फोन किंवा संगणक ज्याच्या कामासाठी, त्याच्याच हातात तो असतो असे नाही. शेजारीण, पोरगा, दुकानदार अशा कोणाच्या तरी हातून काम होते, आणि यंत्र करणाऱ्यांनी हा मधला माणूस लक्षात घेतला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. हे तर आमच्या घरोघरचे चित्र. सातबारा सासऱ्याच्या नावावर, ऊस पाहते सून, फोन नातवाकडे. सरकारची ई-पीक पाहणी २०२१ साली आली, साखर आयुक्तालयाचे महा-ऊस नोंदणी अ‍ॅप २०२२ साली आले. दोन्ही कामे किती जणांनी स्वतःच्या बोटांनी केली आणि किती जणांनी गावातल्या एखाद्या हुशार पोराकडून करून घेतली, हे ज्याचे त्याने आठवावे.

तेव्हा अ‍ॅप आणायचे की नाही? आणावे. आम्ही विरोधात नाही. पण त्यात हवामान आणि व्हिडिओ घालण्याआधी आमच्या वहीतल्या प्रश्नांची उत्तरे घाला, असे आम्ही शेतकी समितीपुढे लेखी दिले आहे. लागणीची नोंद बांधावरच व्हावी, सभासदाची सही घेऊन, कागदाची एक प्रत त्याच्या हातात देऊन. निरोप दोन नंबरांवर जावा, एक शेत पाहणाऱ्याचा. तारीख कोणी घातली आणि नंतर कोणी बदलली, हे नावानिशी नोंदीत राहावे. त्यात आमचेही नाव आले तरी चालेल. आणि ज्याच्यावर खरी कुरकुर होणार आहे ते असे: हंगामाआधी प्रत्येक गावची तोडणीची पूर्ण क्रमवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. एकट्याचा नंबर फोनवर कळून भागत नाही. आपल्या पुढे कोण आणि मागे कोण हे दिसल्याशिवाय आपला नंबर बरोबर आहे की नाही हे कळणार कसे?

यावर आमच्याच खात्यातले सहकारी म्हणतात, साहेब, यादी लावली की गावात भांडणे पेटतील. भांडणे आज काय कमी आहेत? ती खिडकीशी एकेकट्याने होतात, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची ओळख वर, त्याची पाळी पुढे सरकते असा संशय प्रत्येकाच्या मनात राहतो. तो संशय खोटा असला तरी यादी नसताना आम्ही तो खोटा ठरविणार कशाच्या आधारावर?

क्रम मोडावा लागतो हेही खरे. जळीत ऊस आधी तोडावा लागतो. टोळी एका शिवारात उतरली की शेजारचे दोन फड करूनच हलते, नाहीतर मुकादम ऐकत नाही. कुठे रस्त्यात पाणी साचलेले असते, ट्रॅक्टर जात नाही. कोयते कमी आले तर सगळाच कार्यक्रम पंधरवडाभर मागे जातो. ही कारणे सभासदाला कळत नाहीत असे थोडेच आहे? तो शेतकरीच आहे. नंबर मोडला तर त्याच यादीत समोर कारण लिहावे: 'जळीत', 'रस्ता नाही', 'टोळी शेजारी'. कारण लिहिता येत नसेल तर नंबर मोडू नये.

ज्यांचा ऊस उभा राहून वजनात मार खातो ते फार दिवस भांडत बसत नाहीत. नाशिक जिल्ह्यात द्राक्षे आहेत, कांदा आहे, टोमॅटो आहे. पाणी असलेली जमीन इथे कशालाही चालते. सभासद मुकाट्याने खोडवा मोडतो आणि बांबू-तारा आणतो. त्या भगिनींनीही यंदा एका एकरातला खोडवा मोडला. दुसऱ्या एकराची नोंद घ्यायला आम्ही स्वतः गेलो. नंबर आता त्यांचाच लावला आहे, बटणांचा साधा फोन आहे. नोंदीचा निरोप आला तो त्यांनी शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घेतला, तारीख दोनदा विचारली, आणि मग "बरोबर हाये" म्हणाल्या.

समितीचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. आडसाली लागणीच्या नोंदी मात्र जुलैपासून सुरू होतात, त्या निर्णयासाठी थांबणार नाहीत. चिटबॉय बांधावर आला की गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा. तो बांधावर न येता चावडीवर बसूनच नोंदी करीत असेल तर तसे आम्हांस कळवा. फोन नंबर देताना घरात जो ऊस पाहतो त्याचाच द्या. मागच्या वर्षीची नोंद चुकलेली असेल तर कोणत्याही सोमवारी गट ऑफिसला या. खिडकीशी न थांबता सरळ आत या, आम्ही मागच्या टेबलाशी असतो.